अंगणातला एकोणिसाचा पाढा

आमच्या घरात जमीन हलली की देवाचं नाव घेत नाहीत, एकोणिसाचा पाढा म्हणतात.

कुणाला हसू आलं तर येऊ दे. मलाही आलं होतं. पाटणवरनं कोयनानगरकडं येणारा रस्ता नदीला चिकटून वळणं घेत येतो, त्या रस्त्यावर आमचं गाव. इथं हादरे बसतात. वर्षातनं किती, ते विचारू नका, कुणी मोजत बसत नाही. बारके हादरे तर गप्पा मारता मारता होऊन जातात. माणूस बोलायचा थांबतो, “झाला वाटतं” म्हणतो आणि राहिलेलं बोलणं पुरं करतो. पण फळीवरची भांडी वाजली, की मग घरात थांबायचं नाही. तव्यावर भाकरी असो नाहीतर ताटात कालवण असो, उठायचं आणि अंगणात यायचं. इथवर सगळ्या गावाची रीत एकच आहे. आमच्या घरची रीत त्याच्या पुढं सुरू होते. अंगणात आलं की सगळ्यांनी खाली बसायचं आणि एकोणिसाचा पाढा पहिल्यापासून दहाव्यापर्यंत म्हणायचा, तोही सावकाश. तो संपल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. शेजारचे चिडवतात, “बसलं बगा एकोणीस.” चिडवू देत, त्यांच्या काय बापाचं जातंय.

ही रीत माझ्या सासूची. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या भागात सासूला तसंच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काहीसुद्धा ठाऊक नव्हतं. मी जत तालुक्यातली, पार कर्नाटकाच्या अंगाची. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाहेर नुसतं ऊन. माझ्या वडलांची मेंढरं होती. आमच्याकडं आभाळ फसवतं, टँकरवाला फसवतो, पण जमीन बिचारी जागची हलत नाही. मुलगा फौजेत आहे, मुलूख हिरवागार आहे, धरणाचं पाणी उशाला आहे, एवढं बघून मला इकडं दिली. पायाखाली काय आहे हे कुणी विचारलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. जमिनीखालनं ट्रक गेल्यागत आवाज झाला आणि फळीवरच्या पेल्यांनी एकमेकांना धडका दिल्या. मला वाटलं मलाच घेरी आली. तेवढ्यात आत्यांनी दंडाला धरून मला अंगणात ओढलं, खाली बसवलं आणि म्हणाल्या, “म्हण, एकोणीस एके एकोणीस.” आता मी बारावी शिकलेली बाई. पण बाराच्या पुढचे पाढे मी कधी मनापासून पाठ केले नव्हते. दुसऱ्यालाच मी अडकले. आत्या चौथी शिकलेल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, एकट्यानं पुरा पाढा म्हटला. एकोणीस सक चौदोत्तरशे, एकोणीस साते तेहतीसाशे, जुन्या पद्धतीनं, एकेक ओळ म्हणून झाली की श्वास घेत. मला तर वाटलं, सासू जरा सरकलेलीच मिळाली.

संध्याकाळी भाकरी खाताना त्यांनीच सांगितलं. त्या लहान असताना या खोऱ्यात मोठा भूकंप झाला, थंडीच्या दिवसात, पहाटे. त्यांचं माहेर इथनं जरा वरच्या अंगाला. सगळं घर कसंबसं बाहेर आलं. पोरं थंडीनं कुडकुडायला लागली म्हणून त्यांची आई परत आत गेली, वाकळ आणायला. वाकळ म्हणजे गोधडी. ती आत असतानाच दुसरा धक्का बसला आणि भिंत खाली आली. आत्यांनी हे असं सांगितलं, जसं कुणी गाईचं वासरू गेल्याचं सांगतं, आणि मग मला मीठ मागितलं. म्हणून हादऱ्यानंतर लगेच आत जायचं नाही, एवढं मला कळलं. पाढा कशासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, माणसाला नुसतं बस म्हटलं तर बसत नाही, तोंडाला काम दिलं की बसतं. आणि एकोणिसाचाच का? त्यावर त्या ताट उचलून मोरीकडं गेल्या. मीही पुन्हा विचारलं नाही. नव्या सुनेनं किती विचारायचं, यालाही मर्यादा असते.

पुढं मला मुलगी झाली. नवरा सीमेवर, वर्षातनं दोनदा रजेवर यायचा. घरात आम्ही तिघीच, आत्या, मी आणि पोर. या पोरीची गंमत अशी, की तिला बेचा पाढा यायच्या आधी एकोणिसाचा आला. दूधपिती असल्यापासून अंगणात आत्यांच्या मांडीवर बसून तिनं तो ऐकलेला. बालवाडीत बाईंनी गाणं म्हणायला सांगितलं तर हिनं उभं राहून “एकोणीस दुणे अडतीस” सुरू केलं. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना वाटलं पोरगी फार हुशार आहे. हुशार कसली, भूकंपाची पोर.

खरं काम सुरू झालं ते ती चौथीत गेल्यावर. शाळेत पाढ्यांची स्पर्धा ठरली. पूर्वी पाढे पाठ आहेत का एवढंच बघायचे, आता किती पळतात तेही बघतात. बाई हातात मोबाइल धरून उभ्या राहतात, पोरगं दोनापासून विसापर्यंत पाढे म्हणतं आणि ज्याचं सगळ्यात लवकर संपतं तो पहिला. मला पण ईर आली. नवरा फोनवरनं म्हणाला, आपली पोरगी मागं राहता कामा नये, म्हणून मी कंबर कसली.

रोज संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले की ती माझ्यासमोर पाटावर बसायची. मी परातीत भाकरी थापायची आणि त्या तालावर तिनं पाढा म्हणायचा. माझा हात मुळात झपझप चालतो, माहेरी मेंढरामागं जाणाऱ्यांना पहाटे भाकरी बांधून द्यायची सवय. त्यामुळं पोरीला आपोआप पळावं लागायचं. सातात ती अडखळायची, सात आठे छप्पन्न तिच्या तोंडात बसत नव्हतं. मग मी तेवढाच एक तुकडा तिला भाकरीभर म्हणायला लावायची. तेरा, सतरा ही तर खाष्ट सासवांची जात, एकदम वळत नाहीत. सतराचा मी कोब्यावर खडूनं लिहून घ्यायची, पुसायची, पुन्हा लिहून घ्यायची. ओरडलेही, खोटं कशाला सांगू. पण चारआठ दिवसांत गाडी अशी सुटली की अठरापर्यंत पोरगी श्वास घेईना.

आणि एकोणीस आलं की गाडी थांबायची. तिला मुळी तो पाढा पळवताच येत नव्हता. बाकीचे पाढे तिनं माझ्याकडनं घेतले, हा आत्यांकडनं. एकोणीस आलं की तिची मान खाली जायची, आवाज आत्यांसारखा खोल व्हायचा आणि एकेक ओळ आरामात यायची. तिथंच सगळा वेळ जायचा. मी तिला नवी युक्ती दाखवली. उभं लिही, शेवटचा आकडा नवापासून शून्यापर्यंत खाली उतरतो, पुढचा एक, तीन, पाच असा चढत जातो. बघ, लिहिलासुद्धा. आता एकशे चौदा म्हण, एकशे तेहतीस म्हण, आजीसारखं चौदोत्तरशे नको. पोरीला ते आवडलं. दोनचार दिवसांत एकोणीसही बाकीच्यांच्या मागनं पळायला लागला.

आत्या हे सगळं चुलीच्या कोपऱ्यातनं ऐकत होत्या. आधी नुसत्या “सावकाश गं” म्हणायच्या. मग पोरगी एकोणिसावर आली की मध्येच दुसऱ्या ओळीपासून तिच्याबरोबर म्हणायला लागायच्या, मुद्दाम रेंगाळत, आणि पोरीचा ताल तुटायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा माझ्या तोंडाचा लगाम सुटला. म्हटलं, “आवं आत्या, स्पर्धा हाय, कीर्तन न्हवं.” त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाल्या, दुसरा कुठलाबी पाढा पळवा, माझं काय म्हणणं न्हाई, पण हा नको. हिनं हा पळवला, की एखाद्या दिवशी ही लवकर उठून आत जाईल. मी म्हटलं, मग आपण दोनदा म्हणू, नाहीतर एकोणतिसाचा घेऊ, अजून लांब होईल. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काही अभद्र बोलले. त्या दिवसापासून पाढ्यांची वेळ झाली की त्या उठून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या. माझ्याशी बोलणं कामापुरतं. मीही हट्टाची, मीही मनवायला गेले नाही.

त्याच आठवड्यात हादरा बसला.

दिवे लागायची वेळ होती. समोरच्या दोन खोल्या नवऱ्याच्या पैशातनं बांधल्या, त्या सिमेंटच्या आहेत. मागचं स्वयंपाकघर अजून दगडमातीचं आहे, वर कौलं. दरवर्षी म्हणतो पाडू या, आणि दरवर्षी दुसराच खर्च निघतो. गॅसवर दूध ठेवून मी पोरीला उंबऱ्यात बसवून सतराचा घेत होते. आत्या कट्ट्यावर. जमीन गुरगुरली आणि फळीवरची भांडी नुसती वाजली नाहीत, दोन ताटं खाली पडली. मी पोरीचा हात धरला आणि अंगणात आले. आत्या आधीच खाली बसलेल्या होत्या. आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. कौलांतनं माती गळत होती, ती दारातनं दिसत होती.

कुणी सांगायच्या आधी पोरीनं पाढा सुरू केला. तोंडाला सवय लागलेली, ती तरी काय करणार. एकोणीस एके ते एकोणीस दाहे, एका दमात, आणि “झाला, जाऊ आत?” म्हणून ती उठलीसुद्धा. आत्यांनी तिचं मनगट धरलं. त्यांनी तिला परत खाली ओढली, पोटाशी धरली आणि स्वतः पहिल्यापासून म्हणायला लागल्या. एकोणीस एके एकोणीस.

तेवढ्यात मला दूध आठवलं. दूध उतू जाऊन जाळ विझला तर गॅस तसाच सुटत राहणार. भिंत पडायची ती पडो, पण गॅसचा भडका उडाला तर घरच जाईल. तेव्हा हेच बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. मी उठले, म्हटलं, “आलेच मी, गॅस बंद करून.” आणि पळाले. मागं आत्यांचा आवाज एकदम थांबला आणि पुन्हा सुरू झाला, एवढं ऐकू आलं.

आत धूळ उठली होती. दूध काठावरनं बटणावर ओघळत होतं. बटण बंद केलं, मग सिलिंडरजवळ बसून रेग्युलेटर फिरवायला गेले, तो फिरेना. दुधाचा हात, नुसता घसरत होता. पदरानं पुसून पुन्हा धरला. त्यात दुसरा हादरा आला. बारका होता, झाकणं तेवढी किणकिणली, पण पाठीमागच्या भिंतीतनं एक दगड सुटून पाट्यावर पडला. आणि या सगळ्यात बाहेरनं आत्यांचा आवाज येत होता. एकोणीस आठे बावन्नाशे. एकोणीस नव्वे एक्काहत्तराशे. मग पुन्हा एकोणीस नव्वे एक्काहत्तराशे. पुन्हा तेच. दहावं येईना. मला वाटलं, म्हातारी घाबरून अडकली, शेवटची ओळ विसरली. पाढा शिकवता शिकवता अडलेल्याला पुढचं सांगायची खोड लागलेली. मी आतनं मोठ्यानं ओरडले, “नव्वदाशे, आत्या, एकोणीस दाहे नव्वदाशे!”

बाहेरनं किंकाळी आली. नगं, नगं, एवढंच. त्या आवाजाला आत्यांचा आवाज म्हणवत नाही, लहान पोराचा असावा तसा होता. एकदाचा रेग्युलेटर फिरला. मी बाहेर आले तर आत्या जमिनीवर बसलेल्या, पोरीला इतकी घट्ट आवळून धरलेली की तिला श्वास घेता येईना, आणि डोळे दारावर. ओठ हलत होते. एकोणीस नव्वे एक्काहत्तराशे. मी समोर येऊन उभी राहिले तेव्हा ओठ थांबले. त्यांनी माझ्या हाताला हात लावून बघितला, मग दंडाला, मग तोंडाला. हाताला सगळी धूळ लागली.

मी त्यांच्याजवळ बसले. पाणी देऊ का म्हटलं तर माझा पदर सोडेनात. मग माझ्याकडं न बघता त्यांनी सांगितलं.

“आई आत चालली तशी म्या पदराला धरली. म्हणली, सोड, तुझा नवा पाढा म्हण बगू. तुझा पाढा संपायच्या आत वाकळ घिऊन आले.”

माझ्या पदराचा त्यांनी मुठीला आणखी एक वेढा घेतला.

“एकोणिसाचा नुकताच पाठ झालता,” आत्या म्हणाल्या. “पाढा संपला की आई येनार. म्हणून म्या पळवला. लय पळवला. दहावा म्हणून दाराकडं बगितलं, आन् भिंत पडली.”

इतकी वर्षं मी या बाईच्या शेजारी बसून तो पाढा म्हणत होते. कधी पोटात हसत, कधी कंटाळत, आणि गेला आठवडाभर तर तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नातीकडनं तो पळवून घेत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, आत्या, पाढ्यानं भिंत पडत नाही, तुम्ही सावकाश म्हटला असता तरी ती पडायचीच. त्यांनी मान हलवली.

“म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “कवाचं म्हाईत हाय. पर हादरा बसला की मला न्हाई ऱ्हात म्हाईत.”

शेजारपाजारचे आपापल्या घरात जायला लागले होते. कुणीतरी हाक मारून विचारलं, सगळं बरं हाय न्हवं? मी हात वर करून बरं आहे म्हणून सांगितलं. आत्या अजून दाराकडंच बघत होत्या, जसं आत अजून कुणीतरी राहिलंय. मला ते बघवेना. उठून दार लोटून घ्यावं असं वाटलं, पण पदर त्यांच्या मुठीत होता.

पोरगी अजून त्यांच्या मांडीतच होती. तिला किती कळलं, मला सांगता येणार नाही. नऊ वर्षांची पोर, तिनं मला बघितलं, आजीला बघितलं, आणि आजीची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं.

“आजी, आता दहावा म्हण,” ती म्हणाली. “आई आली की भाईर.”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग ओठ ओले केले आणि अगदी हळू, ऐकू येईल न येईल असं, म्हणाल्या, “एकोणीस दाहे नव्वदाशे.” कौलं जागेवर होती. भिंत जागेवर होती. मी त्यांच्या समोर बसलेली होते. मग त्यांनी तोंडावर पदरसुद्धा घेतला नाही, तशाच हमसून हमसून रडायला लागल्या, “आये, आये” म्हणत. आईच्या नावानं त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. पोरीनं त्यांचे डोळे पुसायला हात पुढं केला, मी तो मागं घेतला आणि आम्ही त्यांना रडू दिलं.